तीन ओळींची चौतीस कलमे

श्रद्धा माणसाच्या मनात असते तोवर तिला कसलीच अडचण नसते. ती कागदावर आली की तिला समास सोडावा लागतो, कलमे पाडावी लागतात आणि खाली सही करणारा माणूस शोधावा लागतो. हा सृष्टीचा क्रम आहे. कर्जतला कचेरीसमोरच्या आंब्याखाली बसून बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या कोंडाजीला तो इतर कोणाहीपेक्षा चांगला ठाऊक होता, आणि म्हणूनच पुढचा प्रकार त्याच्या हातून घडला. अडाणी माणसाच्या हातून घडला नसता.

कोंडाजी मूळचा शेलूचा. अक्षर मोत्यासारखे आणि स्वभाव बारकाईचा. म्हैस हरवल्याचा साधा अर्ज त्याच्या हाती गेला की त्यात म्हशीचा रंग, शिंगांचा कल, हरवण्यापूर्वीचे तिचे वर्तन आणि ती न सापडल्यास अर्जदाराच्या मनाची होणारी अवस्था असे चार भाग पडत. (म्हैस बहुधा अर्ज पुरा होईपर्यंत आपण होऊन घरी येई.) अशा माणसाला देव भेटला तेव्हा देवाचेही चार भाग पडणार हे त्याच्या बायकोने, इंदूबाईने, आधीच ओळखले होते. पण तिला कोणी विचारले नाही.

देव त्याला भेटला तो हबडेसाहेबामुळे. साहेबाचे खरे आडनाव काही निराळे होते, पण बोरघाटातल्या मजुरांनी ते एकदा हबडे केल्यावर साहेबानेही तेच लावायला सुरुवात केली. तो घाटात रुळांची पाहणी करी. नोकरी संपल्यावर इतर साहेब विलायतेला जातात तसा तो गेला नाही, कर्जतलाच राहिला. मराठी तो मजुरांच्या टोळ्यांकडून शिकला होता, त्यामुळे प्रार्थनाही टोळीच्याच भाषेत करी. 'देवा, आता जरा जोर लाव रं,' असे तो डोळे मिटून म्हणे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की वर कोणीतरी खरोखरच बाह्या सरसावतो आहे.

या साहेबाचे एक दुःख होते. तो जन्मला त्या गावात बाराशे माणसे आणि सात प्रार्थनामंदिरे होती. सातही ठिकाणी येशूचेच नाव घेत, आणि सातही ठिकाणी दर रविवारी उरलेल्या सहा ठिकाणची माणसे नरकात जाणार असे जाहीर होई. साहेबाने तरुणपणी मोजून पाहिले, तेव्हा गावातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला एक मत स्वर्गाचे आणि सहा मते नरकाची पडत होती. बहुमताने गाव बुडालेच होते. तेव्हापासून त्याच्या मनात होते की मंडळी काढावी तर कोणत्याच पंथाची नसलेली काढावी. तिला नाव नको, पाटी नको, पाद्री नको. आकाशात जो आहे त्याला पंथ नाही, मग त्याच्या लेकरांना कशाला?

अशी मंडळी त्याने कर्जतच्या बाजारात इद्रिस नावाच्या व्यापाऱ्याच्या मिठाच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत काढली. इद्रिसचे घराणे समुद्राकडचे. मीठ, दोरखंड, आमसूल आणि सुकट असा त्याचा व्यापार. खोली देताना त्याने एकच अट घातली, की प्रार्थना मोठ्याने करावी. म्हणजे आत काय बोलतात ते गिऱ्हाइकांना कळेल आणि त्यांचा भलता समज होणार नाही. दर रविवारी सकाळी तेथे तांदळाची भाकर मोडून सगळे वाटून खात आणि एकाच लोट्यातला रस पीत. करवंदांच्या दिवसांत करवंदांचा, एरवी आमसुलाचा. (पवित्र पुस्तकात द्राक्षांचा रस सांगितला आहे. परंतु पुस्तक लिहिले गेले तेव्हा कर्जत तालुक्याचा विचार झालेला दिसत नाही.)

कोंडाजी तेथे गेला त्याला कारण होते. अठराशे बासष्ट साली घाटाचे काम चालू असताना त्याचा बाप पळसदरीच्या तळावर पटकीने आडवा झाला. तळ एका दुपारात रिकामा झाला. राहिला तो हबडेसाहेब. त्याने म्हाताऱ्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातले, त्याचे घाण झालेले कपडे स्वतः धुतले, आणि म्हातारा गेल्यावर शेलूला चितेपाशी उभे राहू का, असे कोंडाजीला विचारले. धर्माबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी कोंडाजी आपण होऊन वखारीच्या खोलीत डोकावला, तेव्हाही साहेबाने काही विचारले नाही. बाजूला सरकून 'बस' म्हणाला. कोंडाजी बसला, आणि त्याला रडू का आले ते त्याला कधीच नीट लिहिता आले नाही.

चौऱ्याऐंशी साली वैशाखात साहेबाचे डोळे अधू झाले आणि इलाजासाठी त्याला वर्षभर विलायतेला जावे लागले. मंडळीत तेव्हा साहेब सोडून तेरा माणसे होती. जाण्यापूर्वी त्याने कोंडाजीला जवळ बसवून सांगितले की मी नसताना तुम्ही भांडाल, आणि भांडलात की पंथ व्हाल. तेव्हा आपण काय मानतो ते एका कागदावर लिहून ठेव. आणि त्याने तीन ओळी सांगितल्या. देव एक हाय आणि तो बापासारखा हाय. येशू त्याचा मुलगा; तो आपल्यापायी मेला, पण मेलेला राहिला नाय. ज्याला बसायचं असंल त्यानं बसावं.

"तीनच ओळी," साहेब म्हणाला. "जास्ती नको रं."

कोंडाजीने तीनच ओळी लिहिल्या. साहेब गाडीत बसून गेला. आठवडाभर कोंडाजी त्या कागदाकडे पाहत राहिला. मजकूर संपल्यावर खाली वीतभर कागद कोरा उरत होता, आणि कोरा कागद हा त्याच्या धंद्यात धोक्याचा समजला जाई. मागाहून कोणीही त्यात काहीही लिहू शकतो. म्हणून मग त्यानेच लिहिले.

याला निमित्त झाले पोपटचे. पोपट हा मंडळीतला मनुष्य, रेल्वेत सांधे बदलण्याच्या कामावर होता. गाडी रुळाच्या कोणत्या फाट्याला लावायची हे ठरवण्यात आयुष्य गेल्यामुळे माणसांचेही फाटे त्याला चटकन दिसत. घाटासाठी जादा इंजिन जोडायला गाडी कर्जतला बराच वेळ थांबे, तेव्हा एक मुंबईचा प्रचारक पाणी प्यायला खाली उतरला आणि पोपटच्या हातातले पुस्तक पाहून कोणत्या पंथाचे, असे विचारता झाला. पोपट म्हणाला, कोणत्याच नाही. प्रचारक हसून म्हणाला की असे म्हणणाऱ्यांचाही एक पंथ असतो, त्याचे नाव काय? पोपट उत्तर शोधतो आहे तोवर इंजिन जोडून झाले आणि गाडी गेली.

ते उत्तर पोपटच्या घशात अडकून राहिले. रविवारी त्याने प्रश्न मांडला की आपण कोणत्याच पंथाचे नाही याला पुरावा काय? सगळे कोंडाजीकडे पाहू लागले. पुराव्याचे नाव निघाले की कर्जतात सगळे कोंडाजीकडेच पाहत. त्याने तीन ओळींचा कागद काढला. मालोजी हवालदार म्हणाला की एवढ्याने पुरावा होत नाही. मालोजी पलटणीतून निवृत्त झालेला. तीस वर्षे त्याने रांगेत उभे राहून काढली होती आणि प्रभूचे राज्यही रांगेनेच येणार अशी त्याची खात्री होती.

तेव्हा मुक्काम कर्जत येथे बिनतक्रार ठरले की सदरहू तीन ओळींची फोड करावी. पहिल्या दोन ओळींची सहा कलमे झाली. त्यांत देव एक असणे, तो सर्वांचा कर्ता असणे, पुस्तक खरे असणे, तारण त्याच्या कृपेने होणे व मनुष्याच्या करणीने न होणे, येशूने मरून उठणे, आणि तो पुन्हा येणे (तारीख मागाहून कळवण्यात येईल) एवढ्या गोष्टी आल्या. त्या लिहिताना कोंडाजीला खरोखर आनंद झाला. सगळे कसे जागच्या जागी बसत होते. साहेबाच्या तोंडचा 'तो' काढून त्याने 'सदरहू ईश्वर' घातले, तेव्हा तर देवाचा हुद्दा एकदम वाढल्यासारखे वाटले.

उरलेली अठ्ठावीस कलमे तिसऱ्या ओळीची झाली.

त्याला इलाज नव्हता. ज्याला बसायचे असेल त्याने बसावे, एवढे लिहिले तर कोणीही बसेल. म्हणून कलम सात लिहिले: ही मंडळी कोणत्याही पंथाची नाही. मग आठवे ओघानेच आले: जो पंथाचा असेल त्याने भाकरीस हात लावू नये. नववे पोपटचे: जो पंथाचा नाही, परंतु कलम सातास हरकत घेतो, तो पंथाचा समजावा. चौदावे नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेण्याचे. पाणी कमरेच्या वर असावे, तथापि चैत्र-वैशाखात उल्हास नदी देईल तेवढ्यात भागवावे व उरलेला मनुष्य हाताने भिजवावा. बाविसावे करवंदांचे होते. एकतिसावे असे, की कलमे चौतीस आहेत यावर प्रत्येकाचा विश्वास असावा. (ते लिहिले तेव्हा कलमे एकतीसच होती. उरलेली तीन, मंडळी खोटी ठरू नये म्हणून घालावी लागली.)

माणसे आपण होऊन कलमे मानतील या भरवशावर राहणे मालोजीला पटेना. तेव्हा दर रविवारी भाकर मोडण्यापूर्वी परीक्षा सुरू झाली. रांगेत उभे राहून प्रत्येकाने विचारलेल्या कलमाचे उत्तर द्यायचे. चुकेल त्याने त्या दिवसापुरते ओट्यावर जाऊन बसायचे. पहिल्या रविवारी तेरांपैकी नऊजण उत्तीर्ण झाले. चौथ्या रविवारी सात. भाकरी मात्र इंदूबाई तेराजणांच्याच भाजून आणी आणि उरलेल्या ओट्यावर वाटून टाकी, त्यामुळे बाहेरच्यांना आतल्यांपेक्षा मोठा तुकडा मिळू लागला. यावर एक कलम करावे असे मालोजीने सुचवले. पण एकतिसाव्यामुळे चौतिसाच्या पुढे जाता येईना. कोंडाजी दर रविवारी उत्तीर्ण होई. कागद लिहिणाऱ्यानेच तो हातात धरावा अशी तरतूद तेहतिसाव्यात होती.

आता बुधीबद्दल सांगितले पाहिजे. बुधी डोंगरातल्या ठाकरवाडीची, पन्नाशीची बाई. मंडळीत सर्वांत आधी आलेली तीच. बाजारात मोळी विकून परत जाताना ती एकदा सावलीला म्हणून वखारीच्या दारात थांबली, आत एकटाच साहेब प्रार्थना करत होता, त्याने सरकून जागा दिली, आणि ती बसली. त्या दिवशी मंडळी दोघांची झाली. करवंदांचा रस तीच आणी. वाचता येत नसे. ऐकताना मात्र तोंड किंचित उघडे ठेवून अशी ऐके की बोलणाऱ्याला आपण काहीतरी मोलाचे बोलतो आहोत असे वाटे.

माघातल्या एका रविवारी रांगेत तिची पाळी आली. मालोजीने चौथे कलम विचारले. तारण कशाने होते?

"कुनाचं?" बुधीने विचारले.

"मानसाचं."

"माजं झालं की."

"कशानं झालं ते सांग."

बुधीने जरा विचार केला. "त्यालाच ठावं," ती म्हणाली. "मी काय केलं नाय. त्यानंच केलं. मी इचारलं बी नाय."

मालोजीने कोंडाजीकडे पाहिले. कोंडाजीने कागदाकडे पाहिले. कागदावर लिहिले होते, 'तारण सदरहू ईश्वराच्या कृपेने होते, मनुष्याच्या करणीने होत नाही, व त्याचे कारण ईश्वरासच ठाऊक.' कोंडाजीला वाचता येत होते. बुधीने चौथे कलम सांगितले होते. नुसते सांगितले नव्हते, त्याला स्वतःला आजवर कळले नव्हते इतके नीट सांगितले होते. पण शब्द तेच नव्हते. 'सदरहू' कुठेच आले नव्हते. मालोजी वाट पाहत होता, पोपट वाट पाहत होता, आणि कोंडाजी बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाला की मजकूर जुळत नाही.

बुधी ओट्यावर जाऊन बसली. तिला वाईट वाटलेले दिसले नाही, आणि तेच कोंडाजीला लागले. नंतरच्या सगळ्या रविवारी ती आपण होऊनच ओट्यावर बसू लागली. चैत्र सरता सरता करवंदांचा रस आला. तो आत गेला आणि ती बाहेर राहिली. (कलम बावीस करवंदांविषयी होते, करवंदे तोडणाऱ्यांविषयी नव्हते.) वैशाखात तिचे येणे बंद झाले.

बुधी पहिल्यांदा आली नाही त्या रात्री जेवताना इंदूबाई बोलली. ती मंडळीत येऊन बसे, पण बाप्तिस्म्याचे पाणी तिने अजून घेतले नव्हते. तुमचे ठरले की सांगा, एवढेच म्हणे.

"अवो, एक इचारू का," ती म्हणाली. "त्या कागदात तुमचा बाप बसला असता का?"

कोंडाजीने मनातल्या मनात बापाला रांगेत उभा करून पाहिला आणि त्याचे जेवण तेथेच थांबले.

साहेब परत आला तो ज्येष्ठ लागताना, एका डोळ्याने. दुसरा विलायतेतच गेला. अंगाने निम्मा झाला होता, पण रविवारी खोलीच्या दारात उभा राहून त्याने नाकाने सुकटीचा वास ओढून घेतला आणि घरी आल्यासारखा हसला. तो आत पाऊल टाकणार तोच मालोजी आडवा झाला. अदबीने, टाचा जुळवून. म्हणाला की साहेब, शिस्त सगळ्यांना एकच. कलम सात विचारतो. आपण कोणत्या पंथाचे?

साहेबाला वाटले थट्टा आहे. तो हसला. मग कोणीच हसत नाही असे पाहून त्याने हात पुढे केला आणि कोंडाजीकडून कागद मागून घेतला. तो आता एक कागद नव्हता; सहा होते, लाल दोऱ्याने शिवलेले. उजेडाला धरून, उरलेला डोळा कागदाला जवळजवळ टेकवून, साहेब चौतीसच्या चौतीस कलमे वाचत राहिला. बाहेर इद्रिसची गिऱ्हाइके येऊन गेली. भाकरी गार झाल्या. कोंडाजी त्याच्या ओठांकडे पाहत होता. दर कलमाला ते हलत, आणि कोणत्या ठिकाणी ते थांबतील याची त्याला भीती वाटत होती.

"लय मेहनत घेतलीस रं," शेवटी साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पंथ चांगला हाय. पर मी ह्यातला नाय."

हे उत्तर कोणत्याच रकान्यात बसेना. कलम सातनुसार 'मी कोणत्याच पंथाचा नाही' असे म्हणणारा आत येऊ शकत होता, आणि साहेब म्हणत होता की मी तुमच्या पंथाचा नाही. पोपटने दोन्ही बाजूंनी विचार करून नियम लावला: ज्याअर्थी मंडळी हा पंथ नाही, त्याअर्थी तिला पंथ म्हणणारा कलम नऊप्रमाणे स्वतः पंथाचा ठरतो. सबब हबडेसाहेब यांस, मंडळी त्यांनीच काढली असली तरी, त्या दिवसापुरते ओट्यावर बसणे भाग आहे.

साहेब ओट्यावर गेला. तेथे कोणी नव्हते. त्याने बुधी कुठे आहे असे विचारले, आणि कोंडाजीने, मान खाली घालून, सगळे सांगितले. साहेबाने काठी उचलली आणि डोंगराच्या वाटेला लागला.

कोंडाजी दारात उभा राहिला. आत भाकर होती, रस होता, त्याची स्वतःची चौतीस कलमे होती आणि तो त्यांत पुरता बसत होता. बाहेर एक आंधळा होत चाललेला म्हातारा चढणीला लागला होता. मालोजीने त्याला आत येऊन बसायला सांगितले. इंदूबाईने दोन भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. कोंडाजी निघाला. कागद मात्र त्याने काखेत मारून बरोबर घेतले. सवय.

ठाकरवाडीत बुधी अंगणात पाय पसरून बसली होती. ती का येत नव्हती याचा कोंडाजीने महिनाभर मनाला लावून घेऊन विचार केला होता, आणि कारण असे निघाले की तिच्या पायात कारवीचे खोडके घुसून पाय सुजला होता. तिने दोघांना पाणी दिले आणि जेवला का, असे विचारले. साहेबाने तिचा पाय बघितला. मग इंदूबाईच्या भाकरी सोडल्या, आणि साहेबाने डोळे मिटून, 'देवा, आमी हितं हाय रं,' एवढीच प्रार्थना केली. तिघांनी खाल्ले. रस नव्हता, पाणीच प्याले. 

बुधीला ते लाल दोऱ्याचे कागद दिसले. ती म्हणाली की मला कोनी पुरते वाचून दावले नाय, दाव की. कोंडाजीने साहेबाकडे पाहिले. साहेब झाडाला टेकून बसला होता. मग कोंडाजीने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. आवाज त्याचा चांगला होता, अर्ज वाचून दाखवताना लागतो तसा. बुधी तोंड किंचित उघडे ठेवून ऐकत होती. बाविसाव्याला करवंदांचे नाव आले तेव्हा ती खूश झाली. चौतिसावे संपले तेव्हा उन्हे कलली होती.

"लय चांगलं लिवलंस भाऊ," ती म्हणाली. मग तिने विचारले, "ह्यात 'बसा' असं कुटं हाय?"

कोंडाजीने कागद चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. साहेबाच्या तिसऱ्या ओळीची अठ्ठावीस कलमे झाली होती आणि फोड करताना क्रियापद गळून गेले होते. कोणी बसू नये हे सतरा ठिकाणी होते. कोणी उठावे हे नऊ ठिकाणी होते. त्याने तिसऱ्यांदा चाळले, आणि मग कागद मांडीवर ठेवून तो बसून राहिला.  

पुढच्या रविवारी कोंडाजीने मंडळीपुढे उभे राहून सांगितले की चौथ्या कलमाला बुधीचे उत्तर बरोबर होते, ते मला त्याच वेळी कळले होते, आणि तरी मी खोटे बोललो. नंतर त्याने हा कागद मागे घ्यावा आणि पहिल्या तीन ओळी राहू द्याव्या असा ठराव मांडला. आयुष्यात प्रथमच त्याने काही तोंडी मांडले होते, त्यामुळे ते फार थोडक्यात आटोपले. मालोजीचा चेहरा उतरला. त्याने ती कलमे पाठ केली होती, चौतीसच्या चौतीस, या वयात, आणि त्याला पुस्तकापेक्षा ती जवळची वाटू लागली होती. तो म्हणाला की कागद लिहिणाऱ्याला नको असला तरी मानणाऱ्यांना हवा आहे. आणि तो उचलून, पोपटला आणि आणखी चौघांना घेऊन, तो बाहेर पडला. जाताना त्याने साहेबाला सलाम केला. साहेबानेही केला.

मालोजीच्या मंडळीने खालापूर महालातल्या चौक गावात जागा घेतली. रेल्वे झाल्यापासून पुण्याच्या रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या होत्या आणि गाडीवानांची एक पडवी रिकामीच होती. अशा रीतीने जिथे पूर्वी कोणत्याच पंथाची नसलेली एकच मंडळी होती, तिथे आता अवघ्या पाच कोसांत अशा दोन मंडळ्या झाल्या. ही वाढ एका वर्षात शेकडा शंभर पडते. विलायतेतही हे प्रमाण क्वचितच गाठले गेले असेल. कर्जतची मंडळी म्हणे, चौकवाल्यांचा पंथ झाला. चौकची मंडळी म्हणे, कर्जतवाले भरकटले. आणि दोघांचाही दावा असा, की आपण मात्र होतो तिथेच आहोत.

कोंडाजीलाही हा रोग सुटला नव्हता. वखारीच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला तो आता 'बसा' म्हणे, आणि ते म्हणताना चौकात असे म्हणत नाहीत याचा त्याला बारीकसा आनंद होई. एकदा हे त्याच्या लक्षात आले आणि दोन रविवार त्याने 'बसा' म्हणायचे बुधीवर सोपवले. बुधी म्हणतच नसे; नुसती सरके.

साहेब अठ्ठ्याऐंशी साली गेला. इद्रिसने आपल्या बागेच्या कडेची जागा पुरण्यासाठी दिली. चौकाहून सहाही माणसे चालत आली. मालोजी रडत होता आणि रांग सोडून उभा होता, हे कोंडाजीने पाहिले. कोंडाजी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी मिळून माती लोटली. त्यानंतर प्रार्थना मात्र दोनदा झाली, कारण कोणाची कोणाला चालेल याची खात्री नव्हती; आणि साहेबाच्या जन्मगावी हे नक्कीच ओळखीचे वाटले असते. इंदूबाईने त्याच महिन्यात नदीत पाणी घेतले. तुमचे ठरले का, असे तिने नवऱ्याला विचारले नाही. वाट बघून दमले, एवढेच म्हणाली.

एक्याण्णवच्या खानेसुमारीला कारकून दोन्हीकडे गेला. पंथ कोणता, असे त्याने कर्जतला विचारले, कोणताच नाही. चौकात विचारले, कोणताच नाही. भले माणूस होते. त्याने दोघांनाही एकाच रकान्यात, 'इतर'मध्ये, घातले. हबडेसाहेबाने ज्या ऐक्यासाठी जन्म घालवला ते असे सरकारी कागदावर का होईना, पार पडले.

म्हातारपणी कोंडाजी ही हकीकत कोणालाही सांगे, आणि स्वतःचा भाग जराही न वगळता सांगे. ऐकणारा पोटभर हसे. हसून झाले की हटकून म्हणे, "काय एकेक माणसं असतात. आमी बाबा तसले नाय."

तेव्हा कोंडाजी त्याच्याकडे मोठ्या प्रेमाने पाही, दौत पुढे ओढी, आणि आपले नाव आणि गाव काय, असे विचारी. मंडळीत दाखल व्हायला 'आमी तसले नाय' एवढेच म्हणावे लागते. आपणही हे वाचताना मनात म्हणालाच असाल. तेव्हा गाव तेवढे सांगावे.